हळद्यासाठी मुकी झाले

कळपात मेंढ्या एकशे चाळीस, शेळ्या सहा, कुत्री दोन, घोडी एक आणि घंट्या फक्त तीन. त्या तिघींतली थोरली मी. मित्रांनो, आज मी एक जुनी पितळी घंटी आहे. माझा काठ एका बाजूला चेपला आहे आणि पोटात लोळा नाही. लोळा म्हणजे घंटीची जीभ. ती माझ्याकडे का नाही, तेच मला सांगायचे आहे.

शिरूरच्या एका ओताऱ्याने मला मातीच्या साच्यात ओतले. गेणबा तेव्हा नुकताच मिसरूड फुटलेला धनगराचा पोर होता. दुकानातल्या सगळ्या घंट्या वाजवून पाहून त्याने मला उचलले आणि कळपाच्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यात बांधले. दिवाळी झाली की आम्ही कोकणच्या वाटेला लागत असू. धुक्यात कळप दिसेनासा झाला, तरी म्होरक्या चरतो आहे की चालतो आहे, हे गेणबा माझ्या आवाजावरून ओळखत असे. घाट उतरताना एखाद्या झाडात हळद्या पक्षी पिवळाधमक चमकला, की तो कळप थांबवायचा आणि म्हणायचा, "बिरोबानं भंडारा उधळला!" मग सारा दिवस गेणबाची शीळ चालू राहायची.

पुढे चराईची राने कमी झाली. १९९६ साली गेणबाने कळप विकला आणि तो खुटबावला शेतावर कायमचा राहिला. माझ्या दोघी सोबतिणी मोडीत गेल्या. मला त्याने खुंटीला अडकवले. मी धूळ खात लटकले. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला आणि तो दिवसभर ओट्यावर बसू लागला. आता सगळे त्याला आबा म्हणत.

त्याची नात रुपाली दौंडच्या कॉलेजात विज्ञान शिकत होती. ती पुन्हा पुन्हा सांगे, "आबा, दौंडला डोळ्यांचं शिबिर हाय. चला की."

"मला समदं दिसतंय. डोळ्याला सुरी लावू देनार न्हाई मी."

"समदं दिसतंय, म्हनून काल कोंबडीच्या पान्यात चहा वतला," आबांची बायको गिताबाई चुलीपुढून म्हणाली.

२००१ च्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणातल्या कडुनिंबातून बासरीसारखी शीळ आली. आबांचा हात तंबाखू मळता मळता थांबला. "हळद्या हाय," ते हळूच म्हणाले. "किती साल झालं त्याला बघून!"

रुपालीने ती संधी पकडली. "आबा, आपन त्याला खाली बोलवू. तो आला आन् तुमाला दिसला, तर मी ऑपरेशनचं नाव काढनार न्हाई. न्हाई दिसला, तर शिबिराला यायचं."

आबांनी थोडा विचार केला. "ठरलं. पर त्याच्या खान्याच्या भांड्याला माझी घंटी बांधायची."

"ती कशाला?"

"शोभंला."

रुपालीने जुन्या घमेल्याला भोके पाडली, तारा ओवल्या आणि निंबाच्या फांदीला कप्पी लावून ते टांगले. आत अर्धी पपई ठेवली. मला तळाशी बांधले. आबांचा डाव मी लगेच ओळखला. पक्षी बसला की घमेले हलणार, मी वाजणार आणि ते म्हणणार, दिसला! इतक्या वर्षांनी त्यांना माझी गरज पडली होती. मी मनाशी ठरवले, यांना हरू द्यायचे नाही.

पहिल्याच दिवशी मी जोरात वाजले. आबा ओरडले, "आला गं! पिवळाजर्द हाय!"

"आबा, खार हाय ती."

"मग खार पिवळी असंल!"

गिताबाई हसून हसून खाली बसली.

साळुंक्या आल्या, बुलबुल आले, हळद्या मात्र येईना. रुपाली हट्टाला पेटली. हळद्या झाडाच्या शेंड्यात वावरतो, जमिनीजवळ सहसा उतरत नाही, हे तिने पाहून ठेवले होते. तिने घमेले थोडे थोडे वर चढवले. मुंग्या लागू नयेत म्हणून ती रोज पपई बदलू लागली. शेवटी एकदा तो उतरला. पिवळे अंग, काळे पंख, डोळ्यावरून गेलेली काळी रेघ. तो काठावर बसला, घमेले हलले आणि मी मोठ्या उत्साहाने वाजले.

तो क्षणात उडून गेला.

"दिसला!" आबा म्हणाले. पण तेव्हा फांदीवर कोणीच नव्हते.

मित्रांनो, ज्या आवाजामागे सगळा कळप चालला, त्याच आवाजाने एक पक्षी उपाशी गेला. मला फार वाईट वाटले.

रुपालीने घमेले खाली घेतले आणि पकड आणली. "आबा, घंटीला पाखरू बिचकतंय. लोळा काढते."

"म्होरक्याची घंटी हाय ती! तिची जीभ काढतीस व्हय?"

"जीभ तिची न्हाई, तुमचं उसनं डोळं काढतीय रुपाली," गिताबाई म्हणाली. डाव घरात सगळ्यांना कळला होता.

लोळा आबांनी बंडीच्या खिशात टाकला आणि मी मुकी झाले. आता एकच काम उरले होते, न हलता लटकायचे. तेही मी निग्रहाने केले.

काही दिवसांनी हळद्या पुन्हा उतरला. काठावर बसून त्याने मान तिरकी केली, मला पाहिले आणि पपईत चोच घातली. ओट्यावर तिघेही बसले होते. आबांना आपणहून दिसावा म्हणून रुपाली बोलली नाही. आबा थेट घमेल्याकडे बघत होते. चांगला वेळ गेला.

"आज बी न्हाई आला व्हय?" आबांनी विचारले.

मला ओरडून सांगावेसे वाटले, पण माझ्यापाशी आवाज नव्हता. रुपालीने मान खाली घातली. गिताबाईने आबांच्या हातावर हात ठेवला. या वेळी तिने टोमणा मारला नाही. "खातोय की वो," ती म्हणाली. "मघाधरनं."

आबांनी डोळे चोळले. पुन्हा पाहिले. मग विचारले, "दौंडला कवा जायाचं?"

मित्रांनो, पाखरांना बोलवायचे असेल तर फळ उंचावर ठेवा, ते रोज बदला आणि तुम्ही शांत बसा. आणि घरातले म्हातारे माणूस "मला समदं दिसतंय" म्हणाले, तर काय दिसते ते एकदा जवळ बसून विचारा.

उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाली, काळा चष्मा उतरला, आणि आबा पुन्हा त्याच जागी येऊन बसले. हळद्या काठावर आला.

"आला," रुपालीला राहवले नाही.

"दोन हायेत," आबा म्हणाले.

"एकच हाय की, आबा."

"मागच्या फांदीला बघ. पाल्यागत हिरवट, छातीवर रेघा. मादी हाय ती."

रुपालीने पुढे वाकून निरखून पाहिले. पक्षी उडून गेल्यावर तिने घरातला मोजायचा टेप आणला. एक टोक आबांच्या हाती दिले आणि दुसरे घेऊन ती माझ्या खाली येऊन उभी राहिली.

पक्षी दोन. नर एक, मादी एक. आबांपासून अंतर चौतीस फूट.