तिसऱ्या डोक्यावरचं डस्टर

ग्रामरमास्तर व्हीलचेअरवरून आत आले आणि बाईंनी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. मास्तरांनी मात्र ओळखलं नाही. कसे ओळखतील? आयुष्यभर डस्टर आपटत फिरलेल्या माणसाला डोकी कुठली लक्षात राहायला.

बाई म्हणजे वाचा गेलेल्यांना बोलतं करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट. पाचवीत असताना त्या वाचताना अडखळायच्या. मास्तरांनी एकदा तीन मुली फळ्यापुढे उभ्या केल्या आणि एकेकीच्या डोक्यावर डस्टर आपटत वर्गाला शिकवलं: स्लो, स्लोअर, स्लोएस्ट. तिसरं डोकं बाईंचं. खडूची भुकटी आंघोळीने गेली, नाव काही गेलं नाही. आई शाळेत विनवायला गेली, तर मास्तर हसून म्हणाले, "राहू द्या, धडा पक्का होतोय." पुढे थोरल्या बहिणीच्या लग्नात, सासरच्या मंडळींदेखत, कुणीतरी बाईंना "ए स्लोएस्ट" म्हणून हाक मारली. तेव्हापासून बाईंनी मास्तरांवर डूख धरला होता.

"अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द नाही हो," मास्तरांची बायको डोळे पुसत म्हणाली.

"तोंडपाठ असलेलं कधीकधी आपसूक बाहेर येतं, काकू," बाई म्हणाल्या. हे खरंच होतं. त्यासाठी टेबलाच्या खणात कार्डं होती: आकडे, वार, गुड-बेटर-बेस्टसुद्धा. बाईंनी खण उघडलाच नाही. त्या मास्तरांपुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "स्लो."

मास्तरांचे ओठ थरथरले. "स्लोअर," ते म्हणाले. "स्लोएस्ट."

काकूंना आनंदाने रडूच फुटलं. "रोज पन्नास वेळा त्यांच्याकडून म्हणवून घ्या," बाईंनी सांगितलं, "येईल त्याच्यापुढे." बाईंच्या जिवाला असं काही गार वाटलं म्हणता.

आठवड्याने काकू पुन्हा त्यांना घेऊन आल्या, पण चेहरा उतरलेला. "शेजारी, पेपरवाला, व्याही, सगळ्यांपुढे तेच. लोक तोंड फिरवून हसतात हो. आणि हल्ली शेवटचा शब्द आला की स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घेतात. हे कुठून शिकले कोण जाणे."

मास्तर बाईंकडे टक लावून बघत होते. ओळख पटली होती. डोळे भरले होते आणि चांगला हात टेबलाच्या कडेवर, जोडायला दुसरा हात मिळत नसल्यामुळे, नुसताच उभा होता.

"दुसरं काहीतरी द्या ना म्हणायला," काकू म्हणाल्या.

बाईंचा हात खणापर्यंत गेला. तिथेच थांबला.

"राहू द्या, काकू," त्या मास्तरांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "धडा पक्का होतोय."