देवकापसाची सरकी

मित्रांनो, मी पुंडलिकनगरातला एक जुना देवकापूस. पूर्वी मी ही ओळख बेधडक सांगायचो. आता सांगताना अडखळतो. का अडखळतो, तेही मला पुरतं उमगलेलं नाही. जेवढं उमगलं, तेवढं सांगतो.

उमाकाकूंनी मला कुंपणाच्या भिंतीलगत लावलं, तेव्हा आमच्या गल्लीत मोकळे प्लॉट होते आणि सकाळपासून पोटभर ऊन मिळायचं. माझी बोंडं फुटली की काकू कापूस वेचायच्या, त्यातली सरकी, म्हणजे माझं बी, बाजूला काढायच्या आणि ओट्यावर बसून वाती वळायच्या. सरकी मागेल तिला द्यायच्या. "देवाचं झाड आहे, दारी असावं," म्हणायच्या. अशी माझी लेकरं गल्लीतल्या कितीतरी दारांत उभी राहिली. देवाचं झाड म्हणजे नेमकं कोणाचं, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

प्रश्न घरात आणले ते काकूंच्या मुलीनं, मृण्मयीनं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकू लागली. तिच्यासोबत तिची मैत्रीण मेघा यायची. मेघा देवगाव रंगारीची, इथं शहरात वसतिगृहात राहायची. दोघींनी एकदा माझ्या पानावर काळ्या कागदाची पट्टी बांधली. पुढं ते पान तोडलं, स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढला आणि त्यावर आयोडीन टाकलं. ऊन लागलेला भाग काळानिळा झाला. पट्टीखालचा भाग फिकटच राहिला.

"आई, काळं झालं तिथं पिष्ट आहे," मृण्मयी म्हणाली. "म्हणजे यानं केलेला स्वयंपाक. मुळांकडून पाणी, हवेतून कार्बन डायऑक्साइड आणि वरून ऊन. तेवढ्यावर साखर करतो हा, आणि उरलेली पिष्ट करून ठेवतो."

मी चकित झालो. आजवर मला वाटायचं, मी नुसता उभा आहे.

मग पावसानं पाठ फिरवली. जायकवाडी आटत गेलं, नळाला आठवड्यानं पाणी येऊ लागलं, गल्लीत टँकरची वाट बघत घागरींची रांग लागू लागली. शेजारच्या प्लॉटवर त्याच वर्षी दोन मजले चढले आणि माझं सकाळचं ऊन गेलं. मित्रांनो, पानाला बारीक बारीक छिद्रं असतात. ती उघडली की हवा आत येते, पण पाणी बाहेर उडून जातं. मिटली की पाणी वाचतं, पण हवा येत नाही आणि चूल विझते. उघडू की मिटू, हे मला दुपारभर ठरवता यायचं नाही. काकू भांडी विसळलेलं पाणी माझ्या बुडाशी ओतायच्या, त्यावर मी तगलो.

त्याच दिवसांत मेघा एक कुंडी घेऊन आली. कुंडीत कपाशीचं रोप होतं.

"आमच्या रानातलं बीटी हाय, काकू," ती म्हणाली. "तिकडं पाणीच नाय. प्रयोगाला लागतं म्हणून दादांनी मुळासकट काढून दिलं. इथं ठेवू का?"

"ठेव की," काकू म्हणाल्या. "विसळलेलं पाणी दोघांना वाटून घालू."

असा मला शेजारी मिळाला. त्याची फुलं दुधाळ, माझी गर्द पिवळी. मुलींनी एका अळीला आधी माझं पान दिलं. तिनं ते चाळणीसारखं करून टाकलं. दुसरीला शेजाऱ्याचं पान दिलं. तिनं थोडं कुरतडलं आणि ती मरगळून पडली. मृण्मयीनं आईला समजावलं, की मातीतल्या एका जिवाणूत असं प्रथिन असतं जे या अळीला बाधतं. ते बनवायची आज्ञा ज्या जनुकात आहे, ते शास्त्रज्ञांनी काढून कपाशीच्या पेशीत बसवलं.

"म्हणजे ही कपाशी आहे की जिवाणू?" काकूंनी विचारलं.

"कपाशीच. एक वाक्य तेवढं दुसऱ्याचं."

मी शेजाऱ्याकडं पाहिलं. मला त्याचा हेवा वाटला, थोडी भीतीही वाटली. तो मात्र माझ्यासारखाच पानांची छिद्रं मिटून उन्हाला तोंड देत होता. मधमाश्या दोघांच्या फुलांवर सारख्याच येत होत्या. त्यांना कोण सांगणार, कुठून उठून कुठं बसायचं ते.

बोंडं फुटली. काकूंनी नेहमीप्रमाणं सरकी वाटली आणि थोडी डब्यांत लावली. रोपं वर आली, तेव्हा मृण्मयीला दिसलं की अळ्या काही रोपं खातात, काहींना तोंडही लावत नाहीत. तिनं कॉलेजातून तपासणीच्या पट्ट्या आणल्या. पान चुरडून औषधाच्या पाण्यात घालायचं आणि त्यात पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर ते प्रथिन नाही, दोन उमटल्या तर आहे. माझ्या पानाची एक रेघ आली. माझ्या काही लेकरांच्या दोन आल्या. मधमाश्यांनी शेजाऱ्याचे पराग माझ्या फुलांत आणले होते.

काकूंनी पट्ट्या बाजूला सारल्या. "शुद्ध झाड होतं माझं," त्या म्हणाल्या. "बाटवलंत तुम्ही. गल्लीभर वाटून बसले मी. आता देवापुढं काय लावायचं?"

मृण्मयी काही बोलणार होती, पण मेघा आधी बोलली. अगदी हळू.

"काकू, झाडाचंच बोलताय ना तुम्ही?"

काकूंनी 'हो' म्हणायला हवं होतं. ते ओठांवर यायला उशीर झाला. तेवढ्यात मेघानं कुंडी उचलली आणि ती फाटकाबाहेर पडली.

त्यानंतरचे दिवस मला धड आठवत नाहीत. मृण्मयी आईशी कामापुरतं बोलायची. काकूंनी कापूस वेचणं सोडलं, बोंडं माझ्या अंगावरच लोंबत राहिली. विसळलेलं पाणी कधी मिळायचं, कधी गटारात जायचं. काकूंचे यजमान वैजनाथकाका म्हणाले, "उपटून टाकू. स्कूटर लावायला जागा होईल." काकू हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. माझी पानं गळू लागली. मला कळेना, माझं चुकलं कुठं. माझ्या एकाच फुलात आई असते आणि बापही असतो. मग दुसऱ्याचे पराग माझे कधी झाले, आणि माझी लेकरं परकी कधी झाली?

एका दुपारी काकूंनी स्वतःहून मृण्मयीला विचारलं, "या कापसात पण ते आहे का गं?"

"नाही. कापूस सरकीच्या सालीवर उगवतो आणि साल असते आईची. परागाचं जे काही येतं, ते सालीच्या आतल्या गर्भात. कापूस सगळा याचाच आहे."

मला वाटलं, काकू आता हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चल, वसतिगृहात जाऊ." भर उन्हात दोघी निघाल्या.

संध्याकाळी मेघा त्यांच्यासोबत आली, पण फाटकातच थांबली. "काकू, कापूस देवाला चालतोय हे कळलं, म्हणून आलात का मला बोलवायला?"

"तसं वाटेल तुला," काकू म्हणाल्या. "पण तो चालला नसता, तरी 'बाटवलंत' हा माझा शब्द वाईटच होता. शोधावा लागला नाही मला, तोंडात तयारच होता. त्याचीच लाज वाटते."

"मला लई लागलं ते. गावात आमच्या माणसांनी तो शब्द लई ऐकलाय. ते दुखणं लगेच जाणार नाय."

"न जाऊ दे. आत तरी ये."

मेघा आत आली. काकूंनी दिलेल्या तांब्यातलं पाणी ती प्यायली. माझ्या उघड्या फांद्यांकडं तिनं पाहिलं आणि उरलेलं पाणी माझ्या बुडाशी ओतलं. मग तिनंच सांगितलं, की कळी उमलायच्या आधी दोऱ्यानं बांधली तर मधमाशी आत जात नाही आणि निव्वळ आपलीच सरकी धरते. पुढं मला नव्या कळ्या आल्या, तेव्हा तिघींनी त्यातल्या काही बांधल्या, काही मोकळ्या ठेवल्या. काकू दारोदार जाऊन सांगून आल्या, की यंदाची सरकी कदाचित मिसळीची आहे, ठेवायची तर जाणून ठेवा. एका बाईनं रोप उपटलं. बाकीच्यांनी ठेवलं.

दोन रेघांचं एक रोप काकूंनी माझ्या शेजारी मातीत लावलं. परवा त्याला पहिलं फूल आलं. माझ्यासारखं गर्द पिवळं नव्हतं, शेजाऱ्यासारखं दुधाळही नव्हतं.

"याला काय म्हणायचं गं?" काकूंनी विचारलं.

मेघा वाकून बघत राहिली. "अजून नाय ठरलं, काकू."

मलाही ठरवता आलेलं नाही, मित्रांनो. माझं लेकरू कोण आहे ते सांगता येत नाही, आणि खरं तर मी कोण आहे तेही सांगता येत नाही. तुम्ही शिकाल, पट्ट्या बुडवाल, रेघा मोजाल. जरूर मोजा, आणि जे दिसेल ते लपवू नका. पण उत्तर मिळेपर्यंत झाडाचं पाणी तोडू नका. ज्याला नाव मिळालेलं नाही, तहान त्यालाही लागते.