कुंडलिकच्या वरातीतला मॅनिफोल्ड

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या. माझं नाव इनटेक मॅनिफोल्ड. लाडाने हाक मारावी असं ते नावच नाही. मुलुंडच्या गॅरेजांत मला ‘मेनीफोल’ म्हणतात, आणि मी ओ देतो.

काम म्हणाल तर साधं आहे. कार्बुरेटर पेट्रोल आणि हवा कालवतो. ते मिश्रण इंजिनाच्या चार सिलिंडरांना सारखं वाढायचं, एवढंच माझ्याकडे. लग्नाच्या पंगतीत वाढपी असतो ना, तोच मी. फक्त मी कुणाला आग्रह करत नाही.

माझ्या आधी या जागेवर एक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, म्हातारा मॅनिफोल्ड होता. गाडी विलायती, उघड्या टपाची, स्वातंत्र्याच्या आसपास बोटीतून उतरलेली. म्हातारा तिच्यासोबतच आलेला, आणि पक्का पक्षपाती. मधल्या दोन सिलिंडरांना तुडुंब, टोकाच्या दोघांना पातेलं खरवडून. शेवटी त्याला तडा गेला. वेल्डिंग केलं, शेजारी दुसरा गेला. होता होता त्याच्या अंगावर बिडापेक्षा वेल्डिंग जास्त झालं. बदली शोधावा तर गाडी बनवणारी कंपनीच कधीची बुडालेली.

गाडीचा मालक मुलुंडचाच कुंडलिक. साठी उलटलेला, मालवणी, बायको वारलेली, शर्टाची इस्त्री मात्र कधी मोडलेली नाही. वर्षानुवर्षं तो ही गाडी लग्नाच्या वरातींना द्यायचा. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत शेकड्याने नवरे त्याने मागच्या सीटवर मिरवले. त्यातले काही आता रस्त्यात भेटले तर ओळख देत नाहीत. जणू पुढे जे झालं तो सगळा गाडीचाच दोष.

आणि आता कुंडलिकलाच लग्न करायचं होतं.

नवरी शुभा. विक्रोळीची, नुकतीच निवृत्त झालेली नर्स. कुंडलिकच्या हृदयात दोन स्टेंट बसवले तेव्हा वॉर्डात त्याला सगळ्यात जास्त ओरडली ती हीच. बरा झाल्यावरही ओरडून घ्यायला तो तिच्याकडे जात राहिला. लग्नाला ती हो म्हणाली, पण एका अटीवर.

“आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायका मिरवल्यात,” ती म्हणाली. “मी रिक्षातून येणार नाही. आधी ती गाडी चालू करा, मग तारीख बघू.”

कुंडलिकने म्हाताऱ्याला पिशवीत भरलं आणि जवळचंच दर्शनाचं गॅरेज गाठलं. दर्शना पस्तिशीची. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून जुन्या इंजिनांच्या नादी लागलेली. तिची आई अजून नातेवाइकांना ‘रजेवर आहे’ असंच सांगते.

“बाय माझे, काय ता कर,” कुंडलिक म्हणाला. “माका लगीन करूचा आसा.”

दर्शनाने म्हाताऱ्याच्या पोटात टॉर्च घातला. “काका, याची नक्कल करणार नाही मी. हा जन्मापासूनच चुकलाय. नवीन करू.”

अशी माझी गर्भधारणा झाली, कागदावर. चारही वाटा सारख्या लांबीच्या, वळणं सावकाश. मग माझ्या आकाराचा लाकडी पॅटर्न झाला, माझ्यापेक्षा जरासा गुटगुटीत, कारण अल्युमिनियम थंड होताना आक्रसतं. पॅटर्न वाळूत दाबून साचा करायचा आणि माझ्या आतल्या वाटांसाठी वाळूचाच एक घट्ट गाभा साच्यात ठेवायचा. धातू ओतला की गाभ्याच्या जागी पोकळी राहते. म्हणजे माझ्यातला खरा उपयोगाचा भाग म्हणजे काही नसणं. माणसांतही असे बरेच असतात, पण ते मिटिंगा घेतात.

ओतकाम भीमराजकडे. भांडुपच्या एका गल्लीत त्याची छोटी भट्टी आहे. माणूस दिलदार, आवाज लाऊडस्पीकरचा. त्याचं आणि दर्शनाचं सख्ख्या भावंडांसारखं जमतं, म्हणजे सारखं वाजतं.

पहिल्या वेळी भीमराजने भट्टीत जे हाताला लागेल ते टाकलं. खिडकीच्या पट्ट्या, कुकरची झाकणं, एक चेपलेला टोप.

दर्शनाने मला दिव्यासमोर धरलं. माझ्यातून उजेड आरपार दिसत होता.

“दादा, ही चाळणी आहे. चहा गाळ यातून.”

“अल्युमिनियम ते अल्युमिनियम गं! त्याला काय जात असते?”

“अल्युमिनियमला असते,” दर्शना म्हणाली.

भीमराज इतका हसला की शेजारच्या लेथवाल्याने मशीन बंद केलं. हसता हसताच त्याने मला परत भट्टीत टाकलं.

दुसऱ्या वेळी गाभा साच्यातल्या साच्यात सरकला. माझी एक बाजू विटेसारखी जाड, दुसरी पापडासारखी. ड्रिल लावताच पापड मोडला. कुंडलिक तिथेच स्टुलावर बसून होता. मला पुन्हा वितळताना बघून त्याचे डोळे भरले. “बिचाऱ्याचो पुनर्जन्म झालो,” तो म्हणाला.

“पुनर्जन्म-बिनर्जन्म काही नसतं काका,” भीमराज म्हणाला. “आत्मा पण नसतो. स्क्रॅप असतं.”

दोनदा वितळलेला मी. या विषयावर माझं काही मत असेल असं कुणालाच वाटलं नाही.

तिसऱ्या वेळी दोघं भांडले नाहीत, तेव्हाच मला कळलं की आता गंभीर आहे. या वेळी भट्टीत फक्त जुने पिस्टन, म्हणजे ओतकामाच्याच जातीचं अल्युमिनियम. गाभा नीट वाळवून, खिळ्यांच्या आधाराने पक्का बसवलेला. भीमराजने धातूवरचा मळ काढला, श्वास रोखला आणि एका धारेत मला ओतलं. साचा फुटला, वाळू झडली आणि मी बाहेर आलो. झकास! स्वतःचं म्हणून सांगत नाही.

मग परीक्षा. माझी सगळी तोंडं बंद करून मला पाण्याच्या टबात बुडवलं आणि आत हवा भरली. सगळे वाकून बघत होते.

माझ्या पोटाकडून एक बुडबुडा वर आला. थोड्या वेळाने आणखी एक.

“वाट लागली,” दर्शना म्हणाली.

“टाचणीएवढं भोक आहे ना!” भीमराज म्हणाला. “आटे पाडून बारीक स्क्रू घट्ट बसवू. चांगले चांगले करतात.”

“करतात. पण मी न सांगता करणार नाही. आणि परत ओतायला वेळ नाही. गाडी होणारच म्हणून काकांनी तारीख काढून घेतलीय, लग्न परवा आहे.” ती कुंडलिककडे वळली. “काका, याला ठिगळ लागणार. टिकेल, माझी खात्री आहे. तरी तुम्ही ठरवा. नाहीतर तारीख पुढे ढकला.”

कुंडलिकने शर्टावरून स्वतःची छाती थोपटली. “बाय, माझ्या काळजात दोन ठिगळां आसत. तरी लगीन करतंयच ना?”

तर पोटावरचा तो स्क्रू ही माझी बेंबी. अभिमानाने दाखवतो.

मी इंजिनावर बसलो, दर्शनाने स्टार्टर दाबला, आणि टोकाच्या दोन सिलिंडरांना जन्मात पहिल्यांदा पोटभर मिळालं. काय आवाज होता सांगू! कुंडलिक बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिला.

लग्नाला एकच माणूस येणार नव्हता, कुंडलिकचा मुलगा सुयोग. मुलुंड पूर्वेला वेगळा राहतो. “तमाशा करायचाय तर करा,” एवढंच म्हणाला होता.

लग्नाच्या सकाळी कुंडलिक विक्रोळीहून शुभाला घेऊन मुलुंडच्या हॉलकडे निघाला. झेंडूच्या माळा, ती मागच्या सीटवर पैठणीत, मागून स्कूटरवर दर्शना. मी असा खुशीत होतो की बेंबीसुद्धा घट्ट वाटत होती. आणि भांडुपच्या भर नाक्यावर इंजिनाने दोन आचके दिले आणि प्राण सोडला.

सगळ्यांचा संशय माझ्यावर. दर्शना स्कूटर टाकून पुढे धावली. बॉनेट उघडून तिने माझे बोल्ट चाचपले, बेंबी चाचपली. मग एकदम थांबली.

“काका. पेट्रोल भरलं होतं?”

कुंडलिकने कपाळावर हात मारला. मुंडावळी तुटली.

बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाला तयार होईना. गाडीच पंपापर्यंत ढकलायला हवी होती. कुंडलिक बाह्या सरसावू लागला, तशी शुभा कडाडली, “हात लावाल तर याद राखा! वरात ॲम्ब्युलन्समधून न्यायची आहे का?” आणि तिने त्याच्या खिशातून फोन काढून नंबर लावला.

“सुयोग? मी शुभा. तुझ्या बापाची होणारी बायको. लग्नाला येऊ नकोस. पण गाडी ढकलायला ये.”

तो आला. हेल्मेट न काढताच गाडीला लागला, शेजारी दर्शना. स्टिअरिंगवर शुभा, आयुष्यात पहिल्यांदा. कुंडलिक बाजूने नुसता चालत होता.

“आईला एकदा तरी बसवलंत का हिच्यात?” हेल्मेटच्या आतून आवाज आला. “एकदा तरी? जानकी म्हणून बाई होती घरात. लोकांच्या नवऱ्यांसाठी हार ओवायची ती.”

कुंडलिक चालायचा थांबला. “नाय बसवलंय,” तो म्हणाला. “ती म्हणायची, पुढच्या वेळी. माका वाटायचा, वेळ आसा.”

सुयोगने हेल्मेट काढलं. आत घाम होता का दुसरं काही, मला इथून नीट दिसत नाही. मी बॉनेटखाली असतो.

“हे बघ,” शुभा समोर बघतच म्हणाली, “तिची जागा मला नको आहे. मला माझी पुरते. तुझा राग खरा आहे, तो असू दे. पण आत्ता जोर लाव, गाडी डावीकडे चाललीये आणि मला ब्रेक कुठला ते माहीत नाही.”

सुयोगला हसू आलं. नको असताना आलं, म्हणून जास्तच आलं. पेट्रोल भरल्यावर तो परत गेला नाही. पुढच्या सीटवर बापाच्या शेजारी बसला, मळक्या हातांनी, आणि हॉलपर्यंत आला. फोटोतही आहे.

अजूनही तो तिला शुभाताईच म्हणतो. तिची हरकत नाही. रविवारी जेवायला येतो आणि बापाशी भांडून जातो.

मी मजेत आहे. आतून काजळी धरलीये, पण या वयात कुणाला धरत नाही? दर्शनाने माझा पॅटर्न जपून ठेवलाय. तसल्याच दुसऱ्या एका गाडीसाठी माझा भाऊ ओतायचं चाललंय. भट्टीत काय टाकायचं यावरून भांडण सुरू झालंय म्हणे.

माझी एकच विनंती आहे, आणि ती मुलुंडकरांना आहे. त्या दिवशी शुभाला स्टिअरिंगची जी चटक लागली, त्यापायी लग्नानंतर तिने ते कुंडलिकच्या हाती येऊच दिलं नाही. लायसन्स काढलंय. सोसायटीचं गेट आतापर्यंत दोनदा सरळ करून घेतलंय. कुंडलिक शेजारी डोळे मिटून बसतो आणि बाहेरच्यांना सांगतो, ध्यान करतोय.

आत्ता चावी फिरली. भाजी आणायला निघालोत. समोर असाल तर कृपा करून फुटपाथवर चढा. गाडी पळवणं माझं काम, ते मी चोख करणार. ब्रेक माझ्या खात्यात येत नाही.