नवव्या धड्याच्या पट्ट्या

पिवळा ठिपका, हिरवा ठिपका, तांबडा ठिपका.

बुटांची रिकामी खोकी, दुकानदाराकडून मागून आणलेली.

बारा पंचे साठ, बारा सक बाहत्तर.

हत्ती झाला, पण सोंडेपुरती माती उरली नाही.

"स्वल्प थांबा अक्का, दूध उतू चाललंय."

हे सगळं एकाच पोरीच्या मागे लागलेलं होतं. पोरीचं नाव सिद्धी, वय नऊ, बेंगळुराजवळच्या येलहंक्यातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत तिसरी 'ब'. तिच्या वर्गशिक्षिका विद्या मिस. नवऱ्याला इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली, म्हणून चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली. साल शहाण्णव, महिना फेब्रुवारी.

आधी ठिपके.

वर्गात बावन्न मुलं. काही पुस्तक हातात आलं की घडाघडा वाचत सुटायची, काही अडखळत, आणि काही पानाकडे नुसती बघत बसायची. सगळ्यांना एकच धडा एकाच वेगाने कसा शिकवणार? विद्याने आदल्या जुलैत मुलांच्या इंग्रजीच्या पुस्तकांवर ठिपके चिकटवले. वाचणाऱ्याला पिवळा, अडखळणाऱ्याला हिरवा, अडलेल्याला तांबडा. कोण ढ आणि कोण हुशार हे मुलांना कळू नये म्हणून रंग. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आवाज आला, "ए तांबडे, डबा दे की!"

हाक सिद्धीला होती. सिद्धीने डबा दिला.

विद्याने त्याच दुपारी नखाने सगळे ठिपके खरवडून काढले आणि जोड्या लावल्या. वाचणारा एक, अडलेला एक. वाचणाऱ्याने शब्दाखालून बोट फिरवायचं, अडलेल्याने वाचायचं. सिद्धीची जोडी लागली अद्वैतशी. अद्वैतचं बोट सुतासारखं सरळ चालायचं.

सिद्धी दुसरीत एकदा नापास झालेली होती. शाळेचा नियम असा, की दुसऱ्यांदा नापास झालं की हातात दाखला. म्हणून दिवाळीनंतर विद्या तिच्या घरी गेली. सिद्धीची आई प्रांजली. सासरची माणसं तीन पिढ्या बेंगळुरात.

"रोज संध्याकाळी एक धडा घ्या हिच्याकडून," विद्या म्हणाली.

"घेतो की अक्का. आमच्यात परवचा एक दिवस चुकत नाही. पाढे झाले की धडा."

ऐकून विद्याला बरं वाटलं. तिचं स्वतःचं लहानपण दिवेलागणीच्या परवच्यात गेलेलं. धडा घेणार म्हणजे कसा घेणार, हे तिने विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं? पण नाही विचारलं.

जानेवारीत सिद्धी नऊ धडे खाडखाड वाचायला लागली. विद्या धावत मुख्याध्यापिकांकडे गेली. भाग्यलक्ष्मी मॅडम खूश झाल्या. "सरी, ठरलं, पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांत जोड्या," म्हणाल्या. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्या स्वतः वर्गात येऊन एकेकाचं वाचन ऐकणार होत्या. पास-नापास तिथेच.

आता पट्ट्या. त्याच्या आधीचा गुरुवार, शाळा सुटल्यानंतरचा तास.

बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून विद्याने नवव्या धड्याचं एकेक वाक्य एकेका पट्टीवर लिहिलं होतं. कुंभार मातीचा हत्ती करतो, त्याची गोष्ट. पट्ट्या पिसून टेबलावर पसरायच्या, मुलांनी क्रमाने लावायच्या. सिद्धीने एक पट्टी उचलली आणि धड्याचं पहिलं वाक्य म्हटलं. पट्टीवर शेवटचं होतं.

"दुसरी घे."

सिद्धीने दुसरी घेतली आणि दुसरं वाक्य म्हटलं. पट्टीवर सातवं होतं.

तिसरी पट्टी, तिसरं वाक्य. चौथी पट्टी, चौथं वाक्य. आवाज गोड, उच्चार स्वच्छ.

"'एलिफंट' कुठे लिहिलंय, दाखव."

सिद्धीने पट्टीच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं. "इथं."

"घरी पुस्तक घेऊन बसतेस ना?"

"पुस्तक आई धरती. मी देवापुढं बसते. आई एक म्हणती, मी एक म्हणते, मग सगळं एकदम." तिने विद्याकडे बघत विचारलं, "चुकलं का मिस?"

"नाही," विद्या म्हणाली. "तुझं नाही."

विद्या तशीच त्यांच्या घरी गेली. प्रांजलीने दूध उतरवलं, पदराला हात पुसत बाहेर आली आणि सगळं ऐकून हसली.

"नऊच्या नऊ धडे तोंडपाठ आहेत की! अजून काय पाहिजे? तुम्ही स्तोत्र म्हणताना पुस्तकात बघता काय, अक्का?"

"नाही बघत."

"मग?"

"प्रांजली, कधी न ऐकलेलं पान समोर आलं तर? चौथीत सगळी पुस्तकं नवी असतील."

प्रांजलीचं हसू मावळलं. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. सिद्धी तिथे मोठ्याने पाढे म्हणत होती.

"शनिवारी कुठला धडा विचारणार मॅडम?"

"मी उघडून देईन तो."

"नापास झाली तर हिचे बाबा परत शाळेत घालणार नाहीत. पोरीची जात, घरी बसू दे म्हणतील." प्रांजलीचा आवाज खाली आला. "नववा उघडा की, अक्का."

विद्याने चपला पायात सरकवल्या.

शुक्रवारी तिने दोनदा मुख्याध्यापिकांच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. खरं सांगितलं तर सिद्धीच्या हातात दाखला. आणि जोड्या? त्याही गेल्या. दुसरं कारण आपल्याला पहिल्याइतकंच टोचतंय, हे लक्षात आल्यावर ती तिसऱ्यांदा गेली नाही.

शनिवार. भाग्यलक्ष्मी मॅडम खुर्चीवर. विद्याने नववा धडा उघडून पुस्तक सिद्धीच्या हातात दिलं.

सिद्धी वाचू लागली. वाचू लागली असंच म्हणायचं. कुंभाराने माती मळली, पाय केले, पोट केलं. पान उलटायची वेळ आली तेव्हा तिच्या बोटांत दोन पानं एकदम आली. आता पुस्तकात दहावा धडा होता, आगगाडीचं चित्र होतं, आणि सिद्धीच्या तोंडी अजून हत्तीच. मॅडम पुस्तकाकडे बघत नव्हत्या. मुलीच्या चेहऱ्याकडे बघून मान डोलवत होत्या.

अद्वैतने पाहिलं. सहा महिने त्या पोराने हेच एक काम केलं होतं. त्याने हात वर केला. "मिस, तिचं पान–"

"अद्वैत, हात खाली."

इतक्या जोरात विद्या त्याच्यावर कधीच ओरडली नव्हती. त्याने हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"छान," मॅडम म्हणाल्या, आणि यादीवर खूण केली.

वर्ग सुटल्यावर सिद्धी व्हरांड्यात विद्याच्या मागे धावत आली. "मिस, मी पास?"

"पास."

"मग सोमवारपासून शाळा सुटल्यावर थांबायचं नाही ना? मॅडम म्हणाल्या, जादा तास नापासांनाच."

विद्याने तिच्याकडे पाहिलं. थांब म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार होतं. सिद्धीला, मॅडमना, सगळ्यांना.

"नाही थांबायचं," ती म्हणाली.

सिद्धी फाटकाकडे पळाली. तिथे प्रांजली उभी होती. तिने दुरूनच हात जोडले.

जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात, चौथीतल्या सिद्धीला इंग्रजीच्या सव्वीसपैकी एकोणीसच अक्षरं बघून ओळखता येत होती.