अडकलेली ओवी

प्रमिला अहिरे धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची, आणि घरी आली की कॉम्प्युटर उघडून बसायची. उघडून म्हणजे अगदी खरोखर. तिनं जळगावहून एकेक भाग आणून जोडलेल्या त्या मशीनचं झाकण कपाटावर धूळ खात पडलेलं असायचं. शहाण्णव सालचा उन्हाळा होता, आणि झाकण नसलं की मशीन जरा थंड राहतं, असं ती म्हणायची. खरं कारण असं की तिला आत बघायला आवडायचं.

मशीन जोडलं होतं सासऱ्यांसाठी. पितांबर नाना प्राथमिक शिक्षक होते. साक्रीकडच्या गावांत नोकरी करताना त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर धरून ठेवल्या होत्या. आता त्या कॅसेटी खरखरायला लागल्या होत्या. प्रमिलानं ते सगळे आवाज मशीनच्या मोठ्या डिस्कवर उतरवायला घेतले. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा जीवराम जुन्या कॉम्प्युटरवर ओव्यांचे शब्द टाइप करी, आणि दारावरून नेलेल्या वायरीतून तेही याच डिस्कवर येऊन पडत. प्रमिला त्या मशीनला ऐटीत ‘आमचा सर्व्हर’ म्हणायची.

एका रविवारी दुपारी नाना सर्व्हरपाशी बसून साक्रीकडच्या तानुबाईंची ओवी ऐकत होते. मध्येच आवाज अडकला. एकच शब्द, पुन्हा पुन्हा, घाण्याच्या बैलासारखा.

प्रमिला धावत आली. तिचा हात बटणाकडे गेला तोच नाना ओरडले, “थांब! हात लावू नको!”

“अहो नाना, बिघडलंय ते.”

“बिघडू दे. ऐक तू. काय म्हणतेय ती?”

प्रमिलानं कान दिला. पांझरा, पांझरा, पांझरा.

नाना मांडीवर थाप मारून हसले. “आणि मी इतकी वर्षं ‘पाखरा’ समजत होतो! ‘भाऊ मना येस पाखरा.’ वाटायचं, बाई पाखराला सांगतेय. ती तर नदी सांगतेय! भाऊ पांझरा वलांडीसन येस, नदी ओलांडून येतोय!”

आतला गलका ऐकून जीवराम दारात आला. “काय झालं? मी आत्ताच फाइल सेव्ह केली, गेली ना नीट?”

प्रमिलानं वळून त्याच्याकडे पाहिलं. “आत्ताच? म्हणजे आवाज अडकला तेव्हा?”

तिनं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, ओवी लावली आणि हाक मारली, “अहो, करा सेव्ह!” ओवी अडकली. पुन्हा केलं, पुन्हा अडकली, या खेपेला भलत्याच शब्दावर. सेव्ह नाही केलं तर तानुबाई थेट शेवटपर्यंत गात होत्या.

“भानामती आहे का गं?” जीवरामनं विचारलं.

“नाही हो.” प्रमिलाचे डोळे चमकत होते. “नाना, तुमच्या वर्गात एका नावाची दोन पोरं कधी होती?”

“होती ना. दोन लोटन. हाक मारली की कधी दोघं उठायचे, कधी एकही नाही.”

“तसंच झालंय. आवाजाचं कार्ड आणि वायरीचं कार्ड. मशीनला हाक मारायला प्रत्येकाला एक नंबर लागतो. मी दोघांनाही एकच नंबर, पाच, देऊन बसलेय. वायरीनं हाक मारली की मशीन तिकडे बघतं, आणि आवाज बिचारा होता तिथंच फिरत राहतो.”

नंबर बदलायचा म्हणजे कार्डावरच्या पिनांवर बसवलेली इवलीशी काळी टोपी काढून शेजारच्या पिनांवर घालायची. वायरीच्या कार्डावर मोजकेच नंबर होते. प्रमिलानं चिमट्यानं टोपी उचलली आणि तीनवर ठेवली. ओवी लावली, जीवरामनं सेव्ह केलं, तानुबाई गात राहिल्या. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

मग नानांनी माऊस हलवून पाहिला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

“मेला उंदीर,” जीवराम म्हणाला.

प्रमिलाला राग यायला हवा होता, पण तिला हसूच आलं. माऊस मशीनच्या मागच्या दुसऱ्या खोबणीत होता आणि त्या खोबणीचा नंबरही तीनच. पहिल्या खोबणीचा नंबर वेगळा होता, पण ती रिकामी होती, कारण तिच्यातली एक पीन वाकली होती. प्रमिलानं आरसा धरून ती नीट पाहिली, केसांतला आकडा काढला आणि श्वास रोखून पीन सरळ केली. माऊस पहिल्या खोबणीत लावला. दुसऱ्या खोबणीची टोपी काढून ती बंदच करून टाकली, म्हणजे तीन नंबर मोकळा. मशीन सुरू झालं. बाण पळाला, ओवी वाजली, फाइल गेली, आणि कुणी कुणाच्या आड आलं नाही.

“आता अडकणार नाही?” नानांचा चेहरा थोडा उतरलाच.

“तुम्हाला हवं तिथं मी अडकवून देईन,” प्रमिला म्हणाली, आणि आवाजाचा तुकडा निवडून पुन्हा पुन्हा कसा वाजवायचा ते तिनं त्यांना दाखवलं. नाना संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नाना आणि प्रमिला साक्रीच्या एस.टी.त बसून तानुबाईंच्या गावी गेली. तानुबाई थकल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. नानांनी शब्दाचा शोध कसा लागला ते रंगवून सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

“पांझराच शे, गुरुजी. पन मन्ही माय बुराई म्हने. तिनं सासर बुराईकाठे. माले पांझराकाठे दिधी, म्हनीन मी पांझरा म्हंतस.”

नाना थक्क झाले. प्रमिला पुढे सरकली. म्हणजे बाई नांदायला जाते आणि ओवीतली नदी बदलते?

“आणि तुमच्या लेकीला कुठं दिलंय, अक्का?” तिनं विचारलं.

“तापीकाठे.”

“मग ती तापी म्हणते?”

“ती कशाले म्हनी, माय? तिना गावमा पिठानी चक्की शे.” तानुबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “थांब. तिना नावनी मीच म्हंतस.”

नानांनी घाईघाईनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.