सात मिलिमीटर

जन्मल्यावर पहिल्या वर्षात मूल साधारण पंचवीस सेंटिमीटर वाढतं. हा वेग मी टिकवला असता, तर आज चोविसाव्या वर्षी साडेसहा मीटरचा झालो असतो आणि ही गोष्ट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत हनुवटी टेकवून सांगितली असती. प्रत्यक्षात मी मध्येच कंटाळलो. आमच्या घरात सगळेच कंटाळतात. वरच्या फळीवरचा डबा काढायला आम्ही तिघं लागतो.

तरीही मुलांच्या दवाखान्यात उंचीचं गणित करायची नोकरी मलाच मिळाली. इथे वर्षानुवर्षं मोजलेल्या चार हजार मुलांची मापं कॉम्प्युटरला भरवायची आणि एखादं मूल आपल्या वाटेवरून घसरायला लागलं की वेळेत ओरडेल असा प्रोग्रॅम लिहायचा, एवढंच काम.

त्या चार हजार रेघा पडद्यावर पहिल्यांदा उमटल्या, तेव्हा हातातला चहा गार होईपर्यंत मी बघत राहिलो. कुणी उंच, कुणी ठेंगणं; पण सुरुवातीला थोडं इकडेतिकडे करून झालं की जो तो आपली एक रेघ धरतो आणि सोडत नाही. ताप येवो, दात येवोत, धाकटं भावंड येवो. या लोकांना चमचा धरून स्वतःचं तोंड सापडत नाही, पण रेघ सापडते. कुणी शिकवलेलं नाही. मी चौकशी केली.

मग प्रोग्रॅमची पहिली चाचणी घेतली. त्याने जाहीर केलं की प्रत्येक मूल दुसऱ्या वाढदिवसाला आटतं. मी यादी छापून मोजणीमावशींकडे धावलो. मोजणीमावशी म्हणजे तेहतीस वर्षं या दवाखान्यात मुलांची मापं घेणाऱ्या बाई.

"मावशी, साथ आलीय. मुलं आटतायत."

मावशींनी आधी यादी पाहिली, मग मला पाहिलं. "दोन वर्षांपर्यंत आम्ही फळीवर झोपवून मोजतो. पुढे भिंतीला उभं करून. उभं राहिलं की माणूस दबतो. सात मिलिमीटर."

"मग हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलंस कधी? आल्यापासून त्या पडद्यात तोंड घालून बसलायस."

मी प्रोग्रॅमला सांगितलं, दोन वर्षांच्या वर प्रत्येक मापात सात मिलिमीटर मिळव. साथ आटोक्यात आली.

त्याच आठवड्यात ताई माझ्या टेबलासमोर येऊन बसली. कडेवर तिची मुलगी, वय दोन वर्षं चार महिने. तिला घरात साहेब म्हणतात, कारण ती नुसती चालत नाही, पाहणी करते.

"हिला मागच्या वर्षीचा फ्रॉक अजून होतो रे."

"बरंच आहे की."

"आईपण हेच म्हणते. म्हणे, आपल्यात सगळे बुटकेच. पण एकाच मापाचं कुणी वर्षभर राहतं का? आणि आताशा सारखी पेंगते. पाहणीसुद्धा बंद आहे."

मावशींनी नुकतंच मोजलं होतं. दुसऱ्या वाढदिवसाला चौऱ्याऐंशी, आज पंच्याऐंशी पूर्णांक एक. मी आकडा भरला, प्रोग्रॅमने सात मिलिमीटर मिळवले, ठिपका टेकवला. हिरवा. हिरव्याच्या अगदी काठावर, पण हिरवा.

"बघ. चार हजार मुलं तुझ्या पोरीच्या बाजूने साक्ष देतायत."

"नक्की ना?"

"कॉम्प्युटर सांगतोय, शेजारीण नाही."

ताईने कधीपासून धरून ठेवलेला श्वास सोडला आणि साहेबांना उचलून घरी गेली.

शनिवारी मावशी नेहमीप्रमाणे आपली वही माझ्या पडद्याशी ताडून बघायला आल्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे पंच्याऐंशी आठ कुठून आणलंस? मी एक लिहिलंय."

"दोनच्या वरची आहे ना. सात मिळवले. तुमचाच नियम."

"नियम उभ्या पोरांचा. ही उभी राहिली कुठे? भिंतीला टेकवली की खाली बसायची, वर मलाच म्हणते, तू उभी राहा. शेवटी झोपवून मोजली. हे काय, लिहिलंय."

आकड्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरात होतं: झोपून.

माझ्या प्रोग्रॅममध्ये त्या शब्दाला रकाना नव्हता. मी ठेवलाच नव्हता.

सात मिलिमीटर परत काढून घेतले. ठिपका तांदळाच्या एका दाण्याएवढा खाली सरकला आणि लाल झाला. चार महिन्यांत तीनेक सेंटिमीटर व्हायला हवे होते. झाला होता एक, वर एक मिलिमीटर. हे फ्रॉकने कधीच सांगितलं होतं. मी फ्रॉकला वेड्यात काढलं होतं.

"ताई, मी चुकलो," मी फोनवर म्हणालो. हे वाक्य ती जन्मभर ऐकायला टपली होती, पण तिने त्याची मजासुद्धा घेतली नाही.

"ठेव फोन. निघाले."

मावशींनी पुन्हा तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. मग रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी सुस्तावली होती.

"लवकर सापडलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणखी वर्षभर बुटकी बुटकी म्हणत बसला असतात तर अवघड होतं."

"पण गेलेली उंची?" ताईने विचारलं. "ती परत मिळते?"

"गोळी सुरू करा. बघू."

गोळी एवढीशी की तळहातावर शोधावी लागे. पहिल्याच दिवशी ती खाली पडली आणि आमच्या घराण्याच्या उंचीचा प्रथमच उपयोग झाला. जमीन आम्हाला जवळच.

मी कुणाला न सांगता एक केलं. काहीच बिघडलं नसतं तर साहेब आज कुठे असत्या, ती रेघ पडद्यावर तुटक काढून ठेवली.

दर महिन्याला एक ठिपका येत गेला. पहिला जेमतेम. दुसरा जरा बरा. मग साहेब सुटल्याच. इतर मुलं आपापल्या रेघेवर चालत होती, ही धावत होती. मला वाटलं, आता ही छत फोडणार, घराण्याचं नाव काढणार. पण तुटक रेघ जवळ आली तसा तिचा वेग उतरला. नवव्या महिन्याचा ठिपका बरोबर रेघेवर बसला. ओलांडली नाही, अलीकडे थांबली नाही. ती रेघ जगात फक्त माझ्या पडद्यावर होती, आणि साहेबांना अजून स्वतःचे मोजे डावे-उजवे कळत नाहीत.

"मावशी, हिला कसं कळलं कुठपर्यंत पळायचं?"

"मी तेहतीस वर्षं हेच विचारतेय," मावशी म्हणाल्या आणि साहेबांच्या डोक्यावर पट्टी टेकवली. "टाचा भिंतीला."

मोजून झाल्यावर ताईने पिशवीतून तोच फ्रॉक काढला. तो साहेबांच्या खांद्यांशी अडकला. हात वर, डोकं आत, आतून आवाज आला, "मामा, हा लहान झाला."

"आटला गं," मी म्हणालो. "त्याचा दुसरा वाढदिवस झाला असेल."

ताई हसायला लागली आणि मग तिला ते थांबवता येईना. तिने फ्रॉक सोडवायचं सोडून त्यातच तोंड लपवलं. मावशींनी वहीत आकडा लिहिला आणि पुढे बारीक अक्षरात: उभी.

आता त्या शब्दाला रकाना आहे.