वरच्या रांगेतली गाडी

रविवारी सकाळी रोवेना स्टॅमीने डॉयलकाकांना कॉथ्रेनच्या ट्रकमागे पाहिलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. कॉथ्रेन म्हणजे मोटारशर्यतीतल्या तिच्या प्रतिस्पर्धी संघाचा मालक. दोघं सॉसेज घातलेला पाव खात हळू आवाजात बोलत होते. रोवेना दिसताच कॉथ्रेन हसला आणि काकांनी तोंड पुसलं. पाव खाल्ल्यावर कुणीही तोंड पुसतं, पण संशयाला तेवढंही पुरतं.

डॉयल लिंगल तिचे स्पॉटर. तिच्या बापाचे दोस्त. बाप गाडी चालवायचा तेव्हाही त्याच्या कानात आवाज यांचाच. शर्यतीच्या गाडीत माणसाला असं आवळून बांधतात की शेजारी कोण आलंय ते मान वळवूनही दिसत नाही. म्हणून स्टँडच्या छपरावर उभा राहून एक जण तुमचे डोळे होतो. उतरत्या ट्रॅकवर बाहेरच्या भिंतीकडची बाजू म्हणजे ‘वर’, आतली म्हणजे ‘खाली’. तो ‘वर गाडी आहे’ म्हणाला की भिंतीकडे सरकायचं नाही. ‘मोकळं’ म्हणाला की सरकायचं. त्यावर वाद घालायला वेळच नसतो.

आज पहिल्या पाचांत आली नाही तर बॅटरीवाली कंपनी तिच्या गाडीवरून आपलं नाव आणि पैसा काढून घेणार होती. मग बापाने कोंबड्यांच्या खुराड्यात सुरू केलेलं गॅरेज बंद. अशा दिवशी काकांना कॉथ्रेनचा पाव गोड लागावा?

तोंडावर विचारून टाकायला हवं होतं. पण ड्रायव्हरांची ओळख झाली, पाद्र्यांची प्रार्थना झाली, तोवर काका छपरावर चढले होते. उरला रेडिओ, आणि तो तर चव्हाट्यावरच. मिल क्रीकच्या या मैदानात येणारा निम्मा गाव हा रेडिओ ऐकायचं यंत्र कानाला लावून बसतो. कोण ड्रायव्हर कुणाला शिव्या देतोय ते ऐकण्यात त्यांची अर्धी करमणूक. तिथे कसं विचारणार?

मग तिने न विचारता उत्तरं काढायला सुरुवात केली. काका म्हणाले, टायर जपून वापर. तिला वाटलं, मला मागे ठेवतायत. काका गप्प राहिले; तिला वाटलं, शेजारी उभ्या कॉथ्रेनच्या स्पॉटरशी काही ठरतंय. छपरावर सगळे स्पॉटर खांद्याला खांदा लावूनच उभे असतात, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. आज तेही तिला खुपलं.

शेवटच्या फेऱ्यांत ती सहावी होती. पुढे पाचव्या जागेवर कॉथ्रेनचीच गाडी, आणि ती वळणावर घसरायला लागली होती. वरून गेलं तर मागे टाकता आली असती.

“खालीच राहा,” काका म्हणाले. “वर गाडी आहे.”

वळण संपलं. “अजून आहे.”

पुढचं वळण आलं. “आहेच, पोरी. दाराशी चिकटलाय. धीर धर.”

इतका वेळ कोण चिकटून राहतं? कॉथ्रेनची गाडी वाचवायला हे आपल्याला खाली दाबून ठेवतायत, अशी तिची खात्रीच पटली. तिने चाक उजवीकडे फिरवलं.

पत्र्यावर पत्रा आदळला, गाडी गर्रकन फिरली आणि भिंतीवर जाऊन बसली. धूर निवळायच्या आत तिने रेडिओचं बटण दाबलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांना अरेतुरे केलं.

“विकलंस ना मला कॉथ्रेनला? बोल की आता.”



मैदानातल्या दवाखान्यात नर्स तिचा खांदा तपासत होती तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीवर तोच अपघात पुन्हा दाखवला. मागून आलेली कुणा तिसऱ्याचीच लाल गाडी दोन्ही वळणं तिच्या दाराला चिकटूनच होती. रोवेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका आले. आधी त्यांनी नर्सला विचारलं, हाड मोडलंय का. मग खुर्ची ओढून बसले.

“कॉथ्रेनने पुढच्या मोसमात त्याच्याकडे येण्याचं विचारलं होतं,” ते म्हणाले. “सकाळी मी हो म्हणालो. तुझं गॅरेज राहील की नाही, तुलाच कुठे ठाऊक होतं? शर्यतीनंतर सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं नसतंस.”

“न सांगताही नाहीच ऐकलं.”

“आजचा दिवस मी तुझाच होतो, पोरी.”

 ती म्हणाली, “जा तुम्ही त्यांच्याकडे. माझं काय, मी बघेन.”

“कॉथ्रेनचा माणूस येऊन गेला. नको म्हणतायत.” काकांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “तू रेडिओवर बोललीस ते साऱ्या गावाने ऐकलंय. उद्या मी ‘मोकळं’ म्हणालो तर कोणता ड्रायव्हर सरकेल?”

“मी सांगते सगळ्यांना. आत्ता, रेडिओवरूनच सांगते.”

“सांग की,” काका म्हणाले.

रोवेना उठून खिडकीशी गेली. लोक कानावरची यंत्रं काढून, बर्फाच्या पेट्या उचलून घराकडे निघाले होते.